हाताला मार बसला की आधी बोटं बघा: खांद्यापासून नखापर्यंत

मागाचा धोटा उडून मनगटावर आदळला, कडबा कुट्टीत बोट गेलं, पोरगं जिन्यावरून पडताना हातावर आपटलं. अशा वेळी घरातले सगळे सुजलेल्या जागेकडे बघत बसतात. बघायची असतात बोटं. हाताच्या रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू मानेकडून आणि छातीकडून निघून काखेतून खाली येतात आणि बोटांच्या टोकांशी संपतात. वाटेत त्या कुठेही दबल्या, तुटल्या किंवा आवळल्या गेल्या की पहिली खबर बोटांत लागते. मोडलेलं हाड आठवड्याने बसवलं तरी बहुधा चालून जातं, रक्त थांबलेला हात काही तासांत जातो.

तपासणी मिनिटभराची आहे आणि घरी कुणालाही जमते.

आधी रक्त. नख दाबून सोडा. पांढरं पडलेलं नख दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवं. थंडीत सगळ्यांचीच बोटं गार असतात, म्हणून चांगल्या हाताशी ताडून बघा. नखाला मेंदी किंवा रंग असेल तर बोटाचं मऊ टोक दाबा. मग मनगटावर अंगठ्याच्या बाजूला नाडी बघा, आपल्या दोन बोटांनी. अंगठ्याने बघितली तर स्वतःचीच नाडी लागते.

मग स्पर्श. तीन जागा पुरतात: तर्जनीचं टोक, करंगळीचं टोक आणि अंगठा-तर्जनीमधल्या बेचक्याची पाठीकडची बाजू. या तीन जागांवर तीन वेगवेगळ्या मज्जातंतूंची हुकमत असते: अनुक्रमे मीडियन, अलनार आणि रेडियल. नुसतं "कळतंय का?" विचारू नका. दोन्ही हातांवर एकदमच हलकं बोट फिरवा आणि "दोन्हीकडे सारखंच लागतंय का?" असं विचारा.

शेवटी हालचाल. मुलांना स्टोन-पेपर-सीझर खेळायला लावा, मोठ्यांनाही तेच. मूठ वळली तर मीडियन मज्जातंतू ठीक. बोटं आणि मनगट सरळ वर उचलता आलं तर रेडियल ठीक. दोन बोटं कात्रीसारखी फाकवता आली तर अलनार ठीक. त्यात एक भर घाला: अंगठा आणि तर्जनीची टोकं जुळवून गोल 'ओके' करायला सांगा. ही हालचाल मीडियनच्या एका फांदीवर चालते आणि त्या फांदीकडे कातडीची जाणीव मुळीच नसते. त्यामुळे ती दुखावली तरी बोट बधिर होत नाही आणि नेमकी तीच नजरेतून सुटते.

हे सगळं बांधण्याआधी करा, बांधल्यावर करा आणि पहिल्या रात्री तासा-दीड तासाने पुन्हा करा. कुठल्या वेळी काय दिसलं ते कागदावर लिहून ठेवा. "आठ वाजता बोटं हलत होती, दहाला हलत नाहीत" हे वाक्य डॉक्टरांना एक्स-रेइतकंच कामाला येतं.

अंगठी, बांगड्या, पाटल्या

हाताला कुठेही मार असो, दागिने पहिल्या पाच मिनिटांत उतरवा. सूज वरून खाली उतरते. खांदा मोडलेल्या बाईच्या बोटातली अंगठीसुद्धा संध्याकाळपर्यंत रुतते. पाटली निघत नसेल तर हात वर धरून साबणाचं पाणी लावा. अंगठी अडली तर गुळगुळीत, मजबूत दोरा घ्या. शिलाई कारखान्यातला नायलॉनचा चालतो. त्याचं एक टोक अंगठीखालून तळव्याकडे काढा. दुसऱ्या टोकाने अंगठीला लागून वेढे द्यायला सुरुवात करा आणि मधल्या पेराच्या सांध्यापलीकडे जाईपर्यंत एकाला एक चिकटून घट्ट वेढे देत चला. आता तळव्याकडचं टोक धरून वेढे सोडवत न्या, अंगठी एकेका वेढ्याने पुढे सरकते. बोट मोडलं असेल किंवा निळं पडलं असेल तर हा प्रयोग करू नका, अंगठी कापून घ्या. कापलेलं सोनं सराफाकडे जोडून मिळतं.

झोळी आणि आधार

एका हातात ३२ हाडं असतात: गळ्याखालचं आडवं हाड, खवाट्याचं पसरट हाड, दंडाचं एक, कोपराखाली दोन, मनगटात ८, तळव्यात ५ आणि बोटांत १४. यातलं फक्त गळ्याखालचं हाड धडाच्या सांगाड्याला सांध्याने जोडलेलं आहे. बाकी सगळा हात स्नायूंवर टांगलेला असतो. म्हणून मोडलेला हात तसाच लोंबकळू दिला की त्याच्या स्वतःच्याच वजनाने दुखतो.

झोळीला मीटरभर चौरस कापड तिरकं दुमडा, ओढणी किंवा उपरणंही चालतं. सोलापुरी टॉवेल जाड असतो, त्याची गाठ मानेला टोचते. तो झोळीला न वापरता घडी करून काखेत किंवा कोपराखाली उशीसारखा ठेवा. कोपर काटकोनात ठेवा, पंजा कोपरापेक्षा चार बोटं वर ठेवा, गाठ मणक्यावर न घेता मानेच्या बाजूला घ्या आणि बोटं उघडी राहू द्या. बोटं झाकणारी झोळी निरुपयोगी, कारण बघायची तीच राहून जातात.

कोपराखालच्या हाडाला आधार द्यायचा तर जाड पुठ्ठा किंवा गुंडाळी केलेलं वर्तमानपत्र घ्या. ते मोडीच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे ओलांडून जायला हवं. आत मऊ कापड घाला, पट्ट्या मोडीच्या जागेवर न बांधता तिच्या दोन्ही बाजूंना बांधा. हात वाकडा दिसत असेल तर तसाच बांधा. ओढून सरळ करण्याचं काम भूल देऊन होतं.

खांदा आणि दंड

खांद्याचा गोळा मोठा आणि त्याची वाटी उथळ. म्हणून हात सगळीकडे फिरतो आणि म्हणूनच शरीरातल्या मोठ्या सांध्यांत खांदाच सर्वात जास्त निखळतो. बहुतेक वेळा तो पुढे निखळतो: खांद्याची गोलाई जाऊन कडा चौकोनी दिसते आणि माणूस कोपर धडापासून थोडं लांब धरून बसतो. विजेचा झटका किंवा फिट आल्यावर मात्र खांदा मागे निखळू शकतो. त्यात बाहेरून फारसं काही दिसत नाही आणि समोरून काढलेल्या एकाच एक्स-रेत तो चुकतो. खूण एकच: हात बाहेरच्या बाजूला फिरतच नाही. शॉक बसलेल्या माणसाचा खांदा दुखत असेल तर बाजूने दुसरा एक्स-रे मागून घ्या.

निखळलेला खांदा घरी ओढू नका. गोळ्याला वळसा घालून एक मज्जातंतू जातो, शिवाय वाटीची किंवा गोळ्याची कड मोडलेली असू शकते. शर्टाच्या बाहीवर बिल्ला लावतात त्या जागी कातडी बधिर आहे का, ते मात्र बघून ठेवा.

गळ्याखालचं हाड दुचाकीवरून खांद्यावर पडलं की मोडतं, बहुतेकदा मधोमध. साध्या झोळीने बरीचशी जुळतात. टोक कातडीला आतून टोचून ती पांढरी पडली असेल, तर त्याच दिवशी दाखवा.

दंडाच्या हाडाला मागून रेडियल मज्जातंतू चिकटून जातो. हाड मधोमध मोडलं की मनगट लुळं पडून खाली लटकतं. बघणारे घाबरतात, पण मोड बंद असेल, म्हणजे कातडी फाटलेली नसेल, तर बहुतेकांचा तंतू काही महिन्यांत आपोआप सुधारतो. तोवर मनगट वर धरणारी पट्टी लावायची आणि बोटं रोज दुसऱ्या हाताने हलवायची, नाहीतर तंतू जागा होईपर्यंत सांधे आखडून बसतात.

लहान मुलाचं कोपर

या सगळ्यात जास्त सावधगिरी इथे लागते. पाच ते सात वर्षांचं मूल पसरलेल्या हातावर पडतं आणि कोपराच्या जरा वर, जिथे दंडाचं हाड पातळ झालेलं असतं, तिथे ते मोडतं. हाताची मुख्य रक्तवाहिनी आणि मीडियन मज्जातंतू बरोबर तिथूनच पुढे जातात. मोडलेल्या हाडाचं टोक त्यांत घुसू शकतं.

कोपर जसं आहे तसं, किंचित वाकलेलं ठेवून पुठ्ठ्याचा आधार द्या. ताणून सरळ करू नका आणि काटकोनातही दुमडू नका, सुजलेलं कोपर जास्त दुमडलं की नाडी बंद होते. मुलाला खायला-प्यायला देऊ नका, कारण भूल द्यावी लागू शकते. रडतंय म्हणून वाटेत चारलेला बिस्किटाचा पुडा ऑपरेशन सहा तास पुढे ढकलतो. मग थेट हाडांच्या डॉक्टरांकडे किंवा सिव्हिलला जा. गाडी नसेल तर १०८.

इथेच हाडवैद्याकडे जाण्याची चूक महाग पडते. काही जणांचा हात चांगला असेल, पण कोपराला घट्ट बांधलेल्या कामट्या सुजेला जागा देत नाहीत. कोपराखालचे स्नायू घट्ट पडद्यांच्या कप्प्यांत असतात. आतली सूज वाढली की कप्प्यातला दाब वाढतो, रक्त आत शिरत नाही आणि साधारण सहा तासांत स्नायू मरू लागतात. मेलेले स्नायू पुढे आखडतात आणि पंजा कायमचा पक्ष्याच्या नखीसारखा होतो. जर्मन शल्यचिकित्सक फोल्कमान यांनी १८८१ साली हे घट्ट बांधण्याशी जोडून दाखवलं, आजही ते त्यांच्याच नावाने ओळखलं जातं.

ओळखायचं कसं? औषध दिल्यावरही वेदना वाढतच जाते, मूल बेचैन होतं, कशानेही शांत होत नाही. सर्वात भरवशाची खूण म्हणजे आखडलेली बोटं तुम्ही हलकेच सरळ केलीत की मूल किंचाळतं. नाडी लागते म्हणून निश्चिंत राहू नका, ती शेवटी जाते. अशा वेळी पट्टी असो, प्लास्टर असो, आतल्या कापसासकट कातडीपर्यंत कापून मोकळं करून घ्या, मग ते मध्यरात्री असलं तरी. हात छातीच्या पातळीवर ठेवा. एरवी सुजेसाठी उंच धरतात, पण इथे उंच धरल्याने रक्त आणखी कमी पोचतं.

प्लास्टर निघाल्यावर कोपर आखडलेलं असतं. मग आजी तेल घेऊन बसते. कोपराला चोळणं आणि जोराने ताणणं टाळाच: दुखावलेल्या स्नायूत नवं हाड तयार होतं आणि मग कोपर खरोखरच अडतं. मुलाला खेळू द्या, ते आपणच सोडवून घेतं.

एक ते चार वर्षांच्या बाळाला हाताला धरून वर उचललं किंवा झटक्याने ओढलं, आणि त्यानंतर ते हात हलवतच नाही, सूज मात्र काहीच नाही, असं झालं तर कोपरातली एक कडी हाडाच्या डोक्यावरून सरकलेली असते. डॉक्टर ती क्षणात बसवतात आणि बाळ दहा-पंधरा मिनिटांत खेळायला लागतं. पडल्याचा इतिहास असेल किंवा सूज असेल तर हा अंदाज बांधू नका.

मनगट

पन्नाशीपुढच्या बायका ओल्या फरशीवर घसरून तळहातावर पडतात आणि अंगठ्याकडचं हाड मनगटाजवळ मोडतं, बाजूने हात काट्याच्या चमच्यासारखा दिसतो. आयर्लंडच्या अब्राहम कॉलिस यांनी १८१४ साली, म्हणजे एक्स-रे निघायच्या आठ दशकं आधी, नुसत्या बोटांनी चाचपून या मोडीचं वर्णन केलं होतं. प्लास्टर साधारण सहा आठवडे राहतं. प्लास्टरात अडकलेलं मनगट बरं होतं, पण खांदा आणि बोटं आखडतात. म्हणून पहिल्या दिवसापासून तासाला दहा वेळा पूर्ण मूठ वळायची आणि सोडायची, आणि दिवसातून तीनदा हात डोक्यावर न्यायचा. उभ्याने पडून मनगट मोडलं असेल तर हाडांची घनताही तपासून घ्या, पुढची पाळी खुब्याची असू शकते.

तरुण मुलगा क्रिकेट खेळताना तसाच पडला, एक्स-रे 'नॉर्मल' आला, तरी अंगठा ताणून बाहेर काढल्यावर त्याच्या मुळाशी जो खड्डा पडतो तिथे दाबून बघा. दुखलं तर तिथलं छोटं हाड, स्कॅफॉइड, मोडलेलं असू शकतं. ताजी चीर पहिल्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही. पट्टी बांधून दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढतात, किंवा घाई असेल तर एमआरआय. या हाडाला रक्त उलट्या दिशेने, बोटांकडच्या टोकातून मिळतं. त्यामुळे कोपराकडचा तुकडा रक्तावाचून मरू शकतो, आणि "मुरगळलंय" म्हणून सोडलेलं मनगट काही वर्षांनी झिजून दुखायला लागतं.

कापलं, चेंगरलं, तुटलं

बोटांत स्नायू नसतात. बोटं हलवणारे मोठे स्नायू कोपराखाली असतात आणि त्यांच्या दोऱ्या मनगटातून बोटांपर्यंत येतात. म्हणून तळव्याला किंवा बोटाला काचेने, विळीने झालेली अर्ध्या इंचाची जखमही दोरी तोडू शकते. एकेका बोटाचं मधलं पेर सरळ धरून त्याचं टोक वाकवून बघा, मग शेजारची बोटं सरळ धरून मधला सांधा. वाकत नसेल तर कातडीला टाके घालून काम संपत नाही, दोरी वेगळी शिवावी लागते आणि ती पहिल्या काही दिवसांतच नीट शिवली जाते.

रक्त थांबवायला स्वच्छ कापड थेट जखमेवर दाबा आणि दहा मिनिटं घड्याळ लावून उचलू नका. दर मिनिटाला "थांबलं का?" म्हणून बघणं हेच रक्त न थांबण्याचं मुख्य कारण. हळद, कॉफी पावडर, तंबाखू काही भरू नका, सर्जनला ते तासभर धुवून काढावं लागतं. दाबूनही रक्त उसळत असेल तरच जखमेच्या वर चार-पाच सेंटीमीटर रुंद पट्टी करकचून आवळा आणि वेळ लिहा. सुतळी किंवा सूत वापरू नका, ते मज्जातंतू कापतं.

कडबा कुट्टी, रसवंतीचा चरक, मागाचा रोलर: हात अडकला तर आधी मेन स्विच बंद. हात ओढू नका, ओढल्याने हातमोजा काढावा तशी कातडी सोलून येते. चाक उलटं फिरवलं तर तोच हात पुन्हा चेंगरला जातो. नटबोल्ट सैल करून रोलर उचला. वेळ लागला तरी चालेल.

बोट तुटून वेगळं झालं तर ते शोधून स्वच्छ पाण्याने हलकं धुवा. सलाईनमध्ये किंवा स्वच्छ पाण्यात भिजवून पिळलेल्या कापडात गुंडाळा, कोरड्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा, आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवलं तर गोठून मरतं, पाण्यात बुडवलं तर फुगतं. नीट गार ठेवलेलं बोट साधारण २४ तासांपर्यंत जोडण्यालायक राहतं, गार न ठेवलेलं १२ तास. मनगटाच्या वर तुटलेल्या हातात स्नायू असतात, तिथे गार न ठेवता सहाच तास. सोलापुरातून पुण्याला न्यायची वेळ आली तर रस्ता सुमारे २५० किलोमीटरचा आहे. म्हणून निघण्याआधी फोन करून सूक्ष्म रक्तवाहिन्या जोडणारे सर्जन हजर आहेत का, हे विचारा. लोंबकळणारा तुकडा कापून टाकू नका, चिमूटभर कातडीतूनही रक्त चालू असू शकतं.

शिलाई मशीनची सुई बोटातून गेली आणि टोक सापडत नसेल तर एक्स-रे काढाच. आणि चेंडू लागून बोटाचं शेवटचं पेर खाली वाकून राहिलं असेल, तर ते पेर सरळ ठेवणारी पट्टी सहा ते आठ आठवडे रात्रंदिवस लागते. आंघोळीत एकदा जरी पेर वाकलं तरी मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून. धनुर्वाताच्या इंजेक्शनची तारीख विचारतील, ती सांगता आली पाहिजे.

रोजच्या कामाने दुखणारा हात

विड्या वळणाऱ्या बायकांचा अंगठा दिवसभर कात्री आणि पानाच्या गुंडाळीवर चाललेला असतो. अंगठ्याच्या मुळाशी दोन दोऱ्या एका अरुंद बोगद्यातून जातात, तिथे सूज येते. अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडे वाकवलं की कळ येते. तान्ह्या बाळाच्या आईलाही हेच होतं. अंगठ्यासकट पट्टी तीन ते सहा आठवडे, आणि बाळाला काखेतून अंगठे ताणून न उचलता खालून तळव्यावर घेऊन उचलणं.

भाकरी थापून, कपडे पिळून कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखत असेल तर ते 'टेनिस एल्बो', रॅकेट हातात धरली नसली तरी. इंजेक्शनने महिना-दोन महिने छान वाटतं, पण दुखणं परत येण्याचं प्रमाणही त्याने वाढतं. चालतो तो व्यायाम: हात टेबलावर, तळवा खाली, मनगट कडेबाहेर, हातात अर्ध्या लिटरची भरलेली पाण्याची बाटली. दुसऱ्या हाताने मनगट वर उचलून द्यायचं आणि दुखऱ्या हाताने चार सेकंद घेऊन हळूहळू खाली सोडायचं. १५ वेळा, तीन फेऱ्या, रोज, किमान सहा आठवडे. थोडं दुखलं तर चालेल, दुसऱ्या दिवशी सकाळी जास्त दुखलं तर वजन कमी करा.

रात्री अंगठा आणि पहिली दोन बोटं मुंग्यांनी जागं करत असतील तर मनगटाच्या बोगद्यात मीडियन तंतू दबतोय. ९ दोऱ्या आणि हा एक तंतू तिथून जातात. मनगटं मिनिटभर पूर्ण खाली वाकवून धरा, मुंग्या आल्या तर शंका पक्की. रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी महिनाभर लावून बघा. अंगठ्याचा गादीसारखा फुगवटा सपाट होऊ लागला असेल तर वाट बघू नका, तो परत भरत नाही.

बोट मिटल्यावर अडकून 'टक्क' आवाज करून उघडणं आणि खांदा आखडणं ही दोन्ही दुखणी मधुमेह्यांत जास्त. आखडलेल्या खांद्यात आधी हात बाहेरच्या बाजूला फिरणं कमी होतं, मागे ब्लाऊजचं हूक लावता येत नाही, केस विंचरता येत नाहीत. एक ते तीन वर्षांत तो बराचसा सुटतो, तोवर पुढे वाकून हात लोंबता सोडायचा आणि घड्याळाच्या लंबकासारखा दोन-दोन मिनिटं फिरवायचा. या दोन्ही दुखण्यांवर स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात. त्याने पुढचे काही दिवस साखर वाढते. मधुमेह असेल तर तसं आधी सांगा आणि ते दिवस घरी रोज साखर तपासा.